बुक्क्याचा नमस्कार

बयाबाईंकडे ठेवलेली चप्पल हरवत नाही. त्र्यंबकात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याला माहीत नसेल त्याला बयाबाई स्वतः सांगतात. कुशावर्ताकडे वळणाऱ्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या ओट्याला लागून त्यांच्या लाकडी फळ्या आहेत, वर निळी ताडपत्री. खालच्या फळीवर चिखलानं भरलेली पायताणं, मधल्या फळीवर पोरासोरांचे बूट, वरच्या फळीवर बायकांच्या नाजूक चपला. जोडाला जोड दोरीनं बांधायचा, पत्र्याचा बिल्ला माणसाच्या हातात द्यायचा, आणि तो देवाला निघाला की त्याच्या पाठीकडे बघून ओळखायचं, हा लवकर परतणार की दिवस काढणार. चालीवरून कळतं, असं त्या म्हणतात. घाईनं जाणारा उशिरा येतो.

त्यांचा जन्म ब्रह्मगिरीच्या पलीकडच्या अंगाला, एका पाड्यावरचा. तिथं ढग गुरांसारखे खाली उतरतात आणि रवंथ करत चार-चार दिवस बसून राहतात. नवरा डोली वाहायचा. म्हाताऱ्या यात्रेकरूंना खांद्यावर घेऊन डोंगर चढणं हेच त्याचं आयुष्य. डोंगरानं त्याचे गुडघे खाल्ले, तेव्हा बयाबाई खाली गावात येऊन चपला सांभाळायला बसल्या. आता नवरा नाही. लेक सटाण्याला दिलेली, ती दिवाळीला येते. गावाबाहेरच्या वस्तीत एक खोली आहे आणि त्या खोलीत बयाबाईंबरोबर बुक्क्या राहतो.

बुक्क्या कुत्रा आहे. त्याची आई जव्हारच्या रस्त्यावर गाडीखाली गेली आणि मुठीएवढं पिल्लू बयाबाईंनी पदरात घालून आणलं. अंगावर पांढरा केस म्हणून नाही. पोट काळं, पंजे काळे, नखं काळी, तोंड उघडलं तर टाळूसुद्धा काळी. कपाळाला लावायच्या बुक्क्यासारखा दिसतो म्हणून बुक्क्या. मोठा झाला तसा तो खालच्या फळीच्या पुढ्यात बसायला लागला. बयाबाईंच्या हातानं उचलल्याशिवाय एक चप्पल तो हलू द्यायचा नाही. भुंकायचा नाही, नुसता उठून उभा राहायचा. तेवढ्यानं चोर शहाणा व्हायचा.

तेव्हा तो सडसडीत होता. सकाळी नागलीची भाकरी ताकात कुस्करलेली, संध्याकाळी भात, कधी बोंबलाचं डोकं. पाड्यावर बयाबाईंच्या भावाकडे, गेणूकडे, जायचं असलं की तो डोंगराच्या वाटेनं पुढं धावायचा, वळणावर थांबायचा, परत खाली यायचा, आणि बयाबाई एकदा चढायच्या तेवढ्यात हा दोनदा चढलेला असायचा.

मग लोकांना त्याचा रंग दिसला.

आपल्याकडे शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतात. साडेसाती असो, कुणाचं लग्न जमत नसो, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला असो. पोळीवर तेल ओतायचं, गुळाचा खडा ठेवायचा, घरच्या माणसावरून उतरवायची आणि काळ्या कुत्र्याला द्यायची. कुत्र्यानं खाल्ली की पीडा गेली. गावोगाव ही रीत आहे. पण गावोगावची काळी कुत्री नीट पाहिली तर कुणाच्या छातीवर पांढरा ठिपका, कुणाचं शेपूट करडं. निव्वळ काळं कुत्रं मिळायला नशीब लागतं. त्यातून त्र्यंबकाला येणारा माणूस मुळात काहीतरी फेडायला, काहीतरी शांत करायला आलेला असतो. पूजा सांगणाऱ्या यज्ञेश्वर गुरुजींना कुणी विचारलं, “महाराज, काळं कुत्रं कुठं मिळेल?” तर ते चपलांच्या फळीकडे बोट दाखवायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. विचारलेल्याचं उत्तर ते देत होते.

बयाबाईंनाही सुरुवातीला त्याचा गर्व वाटला. सुरतेहून, इंदूरहून आलेली माणसं आपल्या कुत्र्यापुढे हात जोडतात हे काय थोडं झालं? त्या स्वतः बुक्क्याचा जबडा उघडून दाखवायच्या. “टाळू बघा. नखं बघा. शोधून सापडायचं नाय असं.” शेजारी धनराज बेल-नारळ विकतो. पोळी विसरून आलेली माणसं बघून त्याची बायको सरिता घरूनच पोळ्या करून पाठवायला लागली. पाटीवर ओलं फडकं, फडक्याखाली तेलानं निथळणाऱ्या पोळ्यांची चळत, बाजूला गूळ. शनिवारची पाटी मग अमावस्येलाही यायला लागली, नंतर सोमवारीही. देवाला शनिवार असतो, गिऱ्हाइकाला कुठलाही वार चालतो.

बुक्क्या फुगला. पाठ इतकी रुंद झाली की भुरभुर पावसाचं पाणी तिच्यावर थांबून राहायचं. गेणूकडे जायची वाट निघाली की पहिल्या चढालाच बसायचा. उठताना कण्हायचा. ओळखीचे म्हणायचे, “बयाबाई, कुत्रं चांगलं अंगानं भरलं.” आणि बयाबाईंना ते कौतुक वाटायचं. ज्या घरानं पावसाळ्यात कंद उकडून खाल्ले त्या घराला जाडी म्हणजे बरकतच वाटणार.

श्रावणातला पहिला शनिवार आला. गल्लीत माणसाला माणूस चिकटलेला. बुक्क्यानं सकाळपासून मिळेल ते खाल्लं होतं. दुपारच्या सुमाराला तो फळीजवळून उठला, गल्लीच्या मधोमध ओल्या फरशीवर गेला, पुढचे पाय लांब पसरले, छाती जमिनीला टेकवली आणि मागचा भाग तसाच वर ठेवून थांबला. तोंड नेमकं देवळाच्या कळसाकडे. तेवढ्यात आत घंटा वाजायला लागल्या.

कुणीतरी म्हणालं, “अरे देखो, नमस्कार कर रहा है.”

गल्ली थबकली. माणसांनी मोबाइल वर धरले. एका बाईनं बुक्क्याच्या पुढ्यात कुंकू वाहिलं. बयाबाई फळीमागून पुढं आल्या, बघितलं, आणि त्यांचे हात आपोआप जुळले. डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यावरून उचललेलं पोर देवापुढे वाकलं होतं. त्या दिवशी धनराजची पाटी दुपारीच रिकामी झाली आणि सरिताला परत चुलीपुढे बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बुक्क्यानं पुन्हा नमस्कार केला. तिसऱ्या दिवशीही. लोक त्याची वाट बघत उभे राहायला लागले. ताडपत्रीच्या मागं जाऊन तो पिवळं ओकत होता हे फक्त बयाबाईंना दिसत होतं, आणि त्यांना वाटलं, गवत खाल्लं असेल. मग एका सकाळी त्यानं पाण्याकडेही तोंड वळवलं. बयाबाईंनी फळ्यांवर गोणपाट टाकलं, रिक्षा बोलावली, आणि त्याला पोत्यासारखं मांडीवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेल्या.

तिथल्या डॉक्टर संध्या वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी बुक्क्याला टेबलावर घेतलं, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या. बयाबाई मात्र नमस्काराचं सांगत होत्या. “रोज करतो. शिकवल्यालं नाय कुणी. असा वाकतो, म्होरचे पाय असे...” आणि त्यांनी स्वतःचे हात टेबलावर पसरून दाखवले.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी बुक्क्याचं पोट दोन बोटांनी हलकेच दाबलं. बुक्क्या कळवळला.

“आजी, तो नमस्कार नाही.”

“मग काय हाय?”

“पोटात मरणाची कळ येते तेव्हा कुत्रं असं उभं राहतं. छाती खाली टेकली की पोटावरचा ताण जरा कमी होतो. तेवढंच.”

पसरलेले हात बयाबाईंनी हळूच मागं घेतले.

“खातो काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“परसाद.”

“प्रसाद म्हणजे?”

“पोळी. शनवारची. तेल लावल्याली. गूळ असतो.”

“एखादी?”

“पाटी.”

संध्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. मग समजावून सांगितलं. पोटात अन्न पचवणारी एक ग्रंथी असते, स्वादुपिंड. तेल-तूप रोज ओतलं की ती सुजते आणि आपलंच पोट आतून जाळायला लागते. आता तेल बंद, तूप बंद, गूळ, पेढा बंद. कांद्याचं कालवण नाही, प्रसादातले मनुके तर मुळीच नाहीत. ओकारी थांबली की मऊ भात, उकडलेला दुधी, आणि कोंबडीच्या छातीचं मांस, कातडं काढून, नुसतं पाण्यात उकडून. वर तवंग दिसला तर काढून टाकायचा. तेही एकदम नाही, थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा.

“कोंबडी?” बयाबाई म्हणाल्या. “सरावणात?”

“श्रावण तुमचा आहे, आजी. त्याचा नाही.” डॉक्टर हात धुवायला वळल्या. “आणि एक नीट ऐका. आत्ता वाचेल. पुन्हा असं झालं तर इथपर्यंत आणायलाही वेळ मिळेल की नाही, सांगता येत नाही.”

बयाबाईंनी सबंध आयुष्यात श्रावण मोडला नव्हता. नवरा गेला त्या वर्षीही नाही. आता त्यांनी खोलीच्या मागं तीन दगड मांडले, जर्मनचं जुनं पातेलं वेगळं काढलं, आणि नाकाला पदर लावून कोंबडी उकडायला लागल्या. वाऱ्यानं वास वस्तीभर नेला. पलीकडच्या घरातली म्हातारी कुंपणावरून म्हणाली, “बया, सोमवारचं काय शिजवते ग?”

“औषध.”

“औषधाला कोंबडीचा वास कसा ग येतो?”

“मसाला घालायचा नाय, म्हणून तर औषध हाय.”

बुक्क्यानं त्या औषधाकडे पाहिलं आणि मान फिरवली. तेला-गुळाची चव लागलेली जीभ ती. दुधीचा तुकडा त्यानं तोंडात घेतला आणि जमिनीवर ठेवून दिला, एखाद्या पाहुण्यानं वाटी परत करावी तसा. बयाबाईंनी त्याला शिव्या घातल्या, चुचकारलं, हातानं भरवलं. दोन दिवसांनी त्यानं खाल्लं. पण घरचं हे एवढं झालं तरी खरं संकट गल्लीत होतं.

कारण त्याच्या नमस्काराचा व्हिडिओ तोवर गावोगाव पोचला होता. माणसं देवाच्या बारीला लागण्याआधी कुत्र्याची चौकशी करायला लागली. बयाबाई प्रत्येकाला सांगायच्या, “आजारी हाय. डॉक्टरनं बंद केलंय.” माणूस हळहळायचा, आणि पोळी पुढं करायचा. “मग तर आणखी पुण्य लागेल, आजी.” एकाला सांगेपर्यंत दुसऱ्यानं पाठीमागून तुकडा टाकलेला असायचा. बयाबाई बुक्क्याच्या जबड्यात बोटं घालून तो बाहेर काढायच्या आणि त्यांच्याच बोटांना तेल लागायचं. एका पोरीकडून त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, कुत्र्याला काही घालू नये. लोकांनी पुठ्ठ्याला हळद-कुंकू लावलं.

त्यांनी बुक्क्याला खोलीत बांधून ठेवलं. त्यानं दोरी चावून तोडली आणि धापा टाकत फळीपुढं येऊन बसला. कामावर उशीर झाल्यासारखं तोंड करून. त्याचंही बरोबर होतं. चपला सोडून घरी बसायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग बयाबाईंच्या डोक्यात आलं, काळा आहे म्हणून हे सगळं. त्यांनी वाटीभर हळद कालवली आणि बुक्क्याला शेपटापर्यंत पिवळा केला. दुसऱ्या दिवशी गल्लीत मराठवाड्याकडची मंडळी आली होती. त्यांनी पिवळं कुत्रं बघितलं, जोडलेले हात कपाळाला लावले, म्हणाले, “मल्हारीचं कुत्रं,” आणि त्याच्यापुढं पेढ्यांचा पुडा सोडला. धनराज हसून हसून नारळांवर पडला. बयाबाईंनी हातातला बिल्ला त्याच्या दिशेनं भिरकावला. तो लागला नाही याचं त्यांना दिवसभर वाईट वाटलं.

“धनराज,” त्या संध्याकाळी म्हणाल्या, “तू पोळ्या ठेवतो म्हणून लोक घालतात.”

“मावशी, मी नाय ठेवल्या तर घरून आणतील. ती तर डालड्याची असंल. माझं तेल तरी चांगलं हाय.”

“कुत्रं मरंल माझं.”

धनराज पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाला, “मावशी, तुमच्या फळीवर शनवारी पाय ठेवायला जागा नसते, ती कशानं? त्याच्यानंच ना?”

ते खरं होतं, आणि म्हणूनच बयाबाईंना जास्त राग आला.

त्या यज्ञेश्वर गुरुजींकडे गेल्या. गुरुजी ओटीवर पंचांग बघत होते. मऊ बोलणारा, भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “बयाबाई, भुकेल्या जीवाला, श्वानाला, अन्न द्यावं, एवढंच सांगितलेलं आहे. तेलच हवं असं काही नाही. भात दिला तरी चालेल.”

“मग तसं सांगा की लोकांना.”

“सांगतो.”

त्यांनी खरंच सांगितलं. बयाबाईंनी पातेल्यातला दुधी-भात द्रोणांत घालून फळीवर मांडला. कोंबडी त्यांनी वगळली, देवाच्या गल्लीत ती नको. ज्याला घालायचं त्यानं यातला एक घास घालावा आणि जावं, असा हिशेब. पण लोकांनी द्रोणात डोकावून तोंड वाकडं केलं. एक शेटजी म्हणाला, “ये तो बीमार का खाना है, माताजी. इससे शनि महाराज क्या प्रसन्न होंगे?” आणि धनराजकडे वळला. बयाबाई म्हणाल्या, “आजारीच हाय तो, भाड्या,” पण ते मराठीत, आणि शेटजी ऐकायला थांबला नव्हता. परत गुरुजींकडे गेल्या, तर त्यांनी हात जोडले. “मी सांगू शकतो, बयाबाई. ऐकायला लावू शकत नाही. लोकांना सोपं पटत नाही. काहीतरी निथळलं पाहिजे, काहीतरी जड वाटलं पाहिजे.”

श्रावणाचा शेवटचा शनिवार उजाडला. आदल्या दिवशी कुणीतरी काहीतरी चारलंच होतं, कारण सकाळी बुक्क्यानं घरचा भात पुन्हा वास घेऊन सोडला. बयाबाईंनी त्याला फळीच्या मागं, दोन गोणपाटांच्या मध्ये लपवलं आणि स्वतः पुढं बसल्या. ढग गल्लीच्या तोंडापर्यंत उतरले होते. छत्र्यांवर छत्र्या, ओल्या कपड्यांचा वास, आणि त्यात सरिताच्या ताज्या पोळ्यांचा वास.

दुपारी एक बाई आली. इंदूरची, पण घरात मराठी बोलणारी. पन्नाशीची, नीटनेटकी, डोळ्यांखाली काळं. तिच्या हातात डबा होता, घरून केलेल्या पोळीचा. तिनं चपला काढल्या, बिल्ला घेतला, आणि मग गोणपाटांच्या फटीतून तिला शेपूट दिसलं.

“आजी, तोच ना तो?”

“नाय.”

“तोच आहे. मी व्हिडिओ पाहिलाय.” ती खाली बसली. “माझ्या मुलासाठी आलेय. वर्ष झालं, तो खोलीतून बाहेर येत नाही. बोलत नाही. सगळं करून झालं.”

बयाबाईंना तिच्यावर ओरडायचं होतं. सबंध महिना ओरडून घसा तयार झालेला होता. पण या बाईवर ओरडता येईना.

“बाई, त्याच्या पोटात आग पडलीय. डॉक्टरीण म्हणली, अजून एकदा झालं तर गेला.”

“एकच घास, आजी.”

“सगळ्यांचा एकच घास असतो, बाई.”

बाईनं डबा उघडला. पोळी तेलात बुडालेली, मधोमध गूळ. वास आला तसं गोणपाट हललं आणि बुक्क्याचं काळं नाक बाहेर आलं. तो धडपडत उठला. बाईचा हात पुढं झाला. बयाबाईंनी तिचं मनगट धरलं, तिच्या बोटांतून पोळी काढून घेतली, दुमडली, आणि स्वतःच्या तोंडात घातली.

बाई मागं सरकली. “अहो, काय करताय? ती उतरवलेली पोळी आहे. पीडेची.”

बयाबाई चावत होत्या. तेल हनुवटीवरून लुगड्यावर गळत होतं. “ठाव हाय,” त्या घास सावरत म्हणाल्या.

गल्ली थांबली. नमस्काराच्या दिवशी थांबली होती तशीच, फक्त या वेळी कुणी मोबाइल वर केला नाही. धनराज पाटीमागून उठला. त्याचा चेहरा उतरला होता. “मावशी, थुंका. थुंका आधी. खुळ्या झाला काय?”

बयाबाईंनी गिळलं. मग बाईला म्हणाल्या, “तुझ्या लेकाचं आता माझ्याकडं आलं. जा, देवाचं दर्शन घे. आन् घरी जाऊन त्याच्या खोलीत बस. बोलला नाय तरी बस.”

बाईनं रिकामा डबा पदरानं पुसला, बयाबाईंच्या पायांना हात लावला आणि गेली. तिच्या मागं एक जोडपं पोळी हातात धरून उभं होतं. बयाबाईंनी तेलकट हात पुढं केला.

“आणा. लाजू नका. मलाच खायची हाय.”

नवऱ्यानं पोळी पाठीमागं नेली. म्हाताऱ्या बाईच्या तोंडात आपली साडेसाती घालायची हिंमत कुणाची होईना. कुत्र्याला देणं म्हणजे पुण्य, आणि माणसाला देणं म्हणजे पाप; रीत तशी आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी आणखी दोघा-तिघांनी कुत्र्याला घालायचा धीर केला, बयाबाईंनी त्यांच्या पोळ्याही हिसकून खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत धनराजच्या पाटीवरची चळत तशीच राहिली, वर माशा.

गुरुजी दिवे लागायच्या सुमाराला आले. “बयाबाई, हे काय ऐकतोय मी?”

“तुमीच म्हणला, जीवाला अन्न घालावं. मी काय जीव नाय?”

गुरुजींनी बुक्क्याकडे पाहिलं. “यापुढे मी कुणाला इकडे पाठवणार नाही,” एवढंच म्हणाले, आणि बयाबाईंच्या सावलीवर पाय पडणार नाही अशा बेतानं गेले. ते बयाबाईंना दिसलं.

रात्री बयाबाईंच्या पोटात गोळा उठला. सकाळी त्या बुक्क्याला दाखवायला दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “यानं काही खाल्लं का पुन्हा?”

“यानं नाय. मी खाल्लं.”

संध्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. “आजी, तुम्हाला माणसांच्या डॉक्टरकडे जायला पाहिजे. आणि तोवर तुम्हीही दुधी-भातच खा.”

“मीठ घालू का?”

“तुमच्या घाला. त्याच्या नको.”

आता बुक्क्या बारीक होतो आहे. घाईनं नाही; वाढलं तेवढ्या लवकर मांस उतरत नाही. पण पाठीचा कणा हाताला लागतो, आणि परवा गेणूकडे जाताना तो पहिला चढ न बसता चढला. दुसऱ्या चढाला बसला. बयाबाईही बसल्या. श्रावण गेला, कोंबडी आता चोरून शिजवावी लागत नाही, तरी ती वेगळ्याच पातेल्यात शिजते. नागलीची भाकरी पुन्हा सुरू झाली आहे, ताकावरचं लोणी आधी काढून.

फक्त शनिवारी बयाबाईंच्या फळ्या रिकाम्या असतात. पसरलंच ते गावात. सगळ्यांची पीडा त्या बाईच्या पोटात आहे, तिच्याकडे पायताण कशाला ठेवायचं? लोक चपला पिशवीत घालून बारीत घेऊन जातात, नाहीतर पलीकडच्या गल्लीत ठेवतात. तिथं परवाच कुणाचे तरी बूट गेले. बयाबाईंना ते कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही, उलट जीव तुटला. बूट जाणं ही त्यांच्या मते माणसाच्या राज्यात होऊ नये अशी गोष्ट आहे. धनराजनं पोळ्यांची पाटी नदीच्या बाजूला हलवली आहे. तिथं एक करडं कुत्रं बसतं. लोक त्याला काळं म्हणून चालवून घेतात.

गेल्या शनिवारी दुपारी बयाबाईंनी पातेलं उघडलं, भात कालवला, दुधी बोटांनी मोडला, कोंबडीचे रेषे सोडवले आणि थाळी बुक्क्याच्या पुढं सरकवली. त्यानं हुंगलं. नदीच्या बाजूनं तेलाचा वास येत होता. त्यानं मान तिकडं वळवली.

“बघ तिकडंच,” बयाबाई म्हणाल्या. “गावाची पीडा गिळली मी तुझ्यापायी. गिऱ्हाईक गेलं. गुरुजी माझ्या सावलीला बिचकतो. आन् तुला दुधी नको.”

बुक्क्यानं थाळीकडे पाहिलं, बयाबाईंकडे पाहिलं. मग खाली मान घालून खायला लागला, आधी कोंबडी वेचून, मग भात, आणि दुधी अगदी शेवटी, नाइलाजानं. बयाबाई थाळी स्वच्छ होईपर्यंत शेजारी उकिडव्या बसून राहिल्या. दुधीचा एक तुकडा कडेला चिकटून राहिला होता. तो त्यांनी बोटानं सुटा करून त्याच्या नाकाशी धरला.

“हा पण.”